सैन्यभरतीची वैद्यकीय तपासणी

सैन्यभरतीची वैद्यकीय तपासणी : सैन्यात स्वेच्छेने दाखल होऊ इच्छिणाऱ्या अथवा सक्तीच्या सैनिकी सेवेच्या कायद्यान्वये बोलाविलेल्या व्यक्तीचे शरीर व मन युद्धसेवेतील श्रमांस योग्य आहे की नाही, हे ठरविण्यासाठी शासनाने नेमलेल्या डॉक्टरांकडून होणारी पद्धतशीर परीक्षा. रुग्णालयातील तपासणीहून ती एका मूलभूत बाबतीत वेगळी आहे. रुग्णालयात डॉक्टर रुग्णाच्या हितासाठी रोगाचे निदान करतो. भरतीच्या वेळी तो शासनाच्या वतीने माणसाची उपयुक्तता ठरवितो. निरुपयोगी ठरणारा माणूस सैन्यात येऊ नये, साथीचे रोग छावणीत शिरू नयेत आणि आधीपासून असलेल्या व्याधीचा आर्थिक भार पुढे निवृत्तिवेतनाच्या रूपाने शासनावर पडू नये, हे या तपासणीचे तीन प्रमुख उद्देश होत.

सक्तीची भरती असलेल्या देशांत आणि स्वेच्छेची भरती असलेल्या देशांत या तपासणीचे सामाजिक स्वरूप परस्परविरुद्ध असते. पहिल्या प्रकारात तपासणीत उत्तीर्ण होण्याची भीती असते व निरोगी माणूस आजाराचे सोंग घेतो. दुसऱ्या प्रकारात नापास होण्याची भीती असते व आजारी माणूस आपले व्यंग लपवितो. भारतात भारतीयांवर आधुनिक काळात सक्तीची सैनिकी सेवा कधीही लादण्यात आलेली नसल्यामुळे येथील तपासणी दुसऱ्या प्रकारात मोडते. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठविणाऱ्या भागात तिचे महत्त्व म्हणूनच विशेष आहे.

तपासणीचे स्वरूप : तपासणीचे साधारणतः चार भाग पडतात. पहिल्या भागात उंची, वजन व छातीचा घेर ही मोजमापे घेतात. छाती श्वास सोडून व पूर्ण श्वास भरून अशी दोनदा मोजतात. दोन्हींतील फरकावरून फुप्फुसांच्या क्षमतेचा स्थूल अंदाज बांधता येतो. दुसऱ्या भागात हातापायांची ठेवण, सांध्यांच्या हालचाली, पाठीचा कणा व तळपाय तपासतात. सपाट तळपाय, उभे राहिल्यावर एकमेकांस टेकणारे गुडघे, पायांतील फुगलेल्या शिरा हे दोष रोजच्या जीवनात फारसे जाणवत नाहीत. परंतु पाठीवर ओझे घेऊन दीर्घकाळ चालावयाचे असल्यास ते अडचणीचे ठरतात. तिसऱ्या भागात हृदय, फुप्फुसे, उदर, अंतर्गळ, अंडवृद्धी, मूळव्याध, त्वचारोग व दात यांची पाहणी होते. चौथ्या भागात दृष्टी, रंगज्ञान, श्रवणशक्ती व मानसिक अवस्था यांची परीक्षा घेतात.

यांपैकी काही चाचण्यांचा विकास सैनिकी गरजेतूनच झाला. रंगांधत्व ओळखण्यासाठी आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या रंगीत तक्त्यांची रचना जपानी नेत्रवैद्य शिनोबू इशिहारा यांनी लष्करी भरतीच्या कामासाठी केली व ते तक्ते १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात प्रवेश केल्यावर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढाकाराने साक्षरांसाठी ‘अल्फा’ व निरक्षरांसाठी ‘बीटा’ अशा सामूहिक बुद्धिमापन कसोट्या तयार करण्यात आल्या आणि सु. १७ लक्ष सैनिकांना त्या देण्यात आल्या. छातीची क्ष-किरण प्रतिमा लहान फिल्मवर घेण्याची स्वस्त पद्धत ब्राझीलमधील मान्वेल द आब्रेउ यांनी १९३६ मध्ये उपयोगात आणली. या पद्धतीमुळे दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी उमेदवारांची क्षयरोगासाठी तपासणी करणे शक्य झाले.

शरीरयष्टीच्या मोजमापांचा अर्थ लावण्यासाठी वेगवेगळे निर्देशांक योजण्यात आले. फ्रेंच लष्करी डॉक्टर पिन्ये यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुचविलेल्या निर्देशांकात सेंटिमीटरमधील उंचीतून किलोग्रॅममधील वजन व सेंटिमीटरमधील छाती यांची बेरीज वजा करतात. बाकी जितकी कमी तितकी यष्टी बळकट मानली जाई. १६८ सेंमी. उंची, ७७ सेंमी. छाती व ५५ किग्रॅ. वजन असलेल्या तरुणाचा हा निर्देशांक ३६ येतो आणि त्या कोष्टकानुसार तो दुर्बलांत गणला जातो. त्याच तरुणाचे वजन मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता १९·५ हा देहभारांक येतो व तो निरोगी ठरतो. ही मापे दख्खनच्या पठारावर सहज आढळणाऱ्या सडपातळ, काटक शरीराची आहेत. माणूस तोच असूनही निवडलेल्या मापानुसार निर्णय बदलतो, हे यावरून दिसून येते.

इतिहास : धंदेवाईक सैन्याच्या काळात भरती करणारा अधिकारी उंची व दात पाहून उमेदवार निवडीत असे. पुढून दारू भरावयाच्या लांब नळीच्या बंदुकीस उंच माणूस सोयीचा होता व काडतुसाचे कागदी वेष्टन दातांनी फाडावे लागे, ही त्यामागील व्यावहारिक कारणे होत. फ्रान्समध्ये ५ सप्टेंबर १७९८ च्या झूर्दां कायद्याने तरुणांची वर्गवार सक्तीची भरती सुरू झाली आणि हजारो माणसांची एकाच निकषाने तपासणी करण्याची गरज प्रथमच मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली.

या तपासण्यांच्या नोंदी म्हणजे शासनाच्या हाती आलेले, सामान्य जनतेच्या शरीराचे पहिले विस्तृत दप्तर होते. ल्वी रने व्हीलेर्मे यांनी फ्रेंच नोंदींच्या आधारे १८२९ मध्ये असे प्रतिपादन केले, की माणसाची उंची ही केवळ वंशावर अवलंबून नसून अन्न, श्रम व दारिद्र्य यांचा तीवर परिणाम होतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले यांनी एक लक्ष फ्रेंच उमेदवारांच्या उंचीच्या वाटणीचा अभ्यास केला. सैनिकी सेवेतून सूट मिळण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे सु. १५७ सेंमी.च्या किंचित खाली अपेक्षेहून पुष्कळ अधिक माणसे नोंदविली गेली होती. त्यावरून सु. दोन हजार जणांनी आपली उंची कमी भासवून सूट मिळविली असावी, असे अनुमान त्यांनी १८४६ मध्ये मांडले. गणिताच्या साहाय्याने लबाडी उघडकीस आणण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकात अशा लबाडीचे विविध प्रकार आढळतात. बहिरेपणाचे वा अपस्माराचे सोंग घेणे, डोळ्यांत दाहक द्रव्य घालणे, पुढचे दात उपटणे, बंदुकीचा घोडा ओढण्याचे बोट तोडणे हे त्यांपैकी काही. ईजिप्तमध्ये मुहंमद अली याच्या कारकीर्दीत शेतकऱ्यांवर सक्तीची भरती लादली गेली, तेव्हा अंग छाटून घेण्याचे प्रमाण इतके वाढले, की अशा अपंगांच्याच स्वतंत्र तुकड्या उभारण्यात आल्या. भरतीच्या डॉक्टरांसाठी सोंगे ओळखण्यावर ग्रंथ लिहिले गेले. संशयाची ही सवय पुढे खऱ्या रुग्णांनाही बाधक ठरली.

युद्धकाळातील निकष : शांततेच्या काळात स्थिर भासणारे निकष युद्धाच्या गरजेप्रमाणे वरखाली होतात. ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९१४ मध्ये पायदळासाठी किमान उंची ५ फूट ३ इंच होती. उमेदवारांची रीघ लागताच सप्टेंबरमध्ये ती ५ फूट ६ इंच करण्यात आली. मनुष्यबळ कमी पडू लागताच ती पुन्हा ५ फूट ३ इंचांवर व १९१५ मध्ये ५ फूट २ इंचांवर आणण्यात आली. त्याहून ठेंगण्या परंतु बळकट माणसांच्या ‘बँटम’ नावाच्या स्वतंत्र पलटणीही उभारल्या गेल्या. एक वर्षाच्या आत एकच माणूस योग्य, अयोग्य व पुन्हा योग्य ठरू शकत होता.

ब्रिटनमध्ये १९१६ मध्ये सक्तीची भरती सुरू झाल्यावर पूर्वी नाकारलेल्या माणसांना पुन्हा तपासणीस बोलावण्याचा अधिकार शासनाने १९१७ च्या कायद्याने घेतला. उघड उघड आजारी माणसे सैन्यात घेतली जात असल्याच्या तक्रारी पार्लमेंटमध्ये झाल्या, चौकशी समिती नेमण्यात आली आणि तपासणीचे काम युद्धखात्याकडून काढून राष्ट्रीय सेवा मंत्रालयाच्या मुलकी डॉक्टरांच्या मंडळांकडे सोपविण्यात आले. ज्याला माणसे हवी आहेत, त्यानेच त्यांची योग्यता ठरवू नये, हे तत्त्व या बदलामागे होते. या मंडळांनी १९१७-१८ मध्ये केलेल्या सु. २४ लक्ष तपासण्यांचा निष्कर्ष धक्कादायक होता : दर नऊ पुरुषांमागे सरासरी तीन जण पूर्णपणे सुदृढ, दोन कमी प्रतीचे, तीन जवळजवळ मोडकळीस आलेले व एक कायमचा रुग्ण आढळला.

मनुष्यबळाची टंचाई भासू लागली की ‘योग्य’ व ‘अयोग्य’ या दोनच वर्गांऐवजी मधल्या श्रेणी निर्माण होतात व आघाडीवर निरुपयोगी ठरणाऱ्यास कचेरी, भांडार वा स्वयंपाकघर यांत काम देण्यात येते. कॅनडाने १९४३ मध्ये शरीराच्या प्रत्येक अंगास स्वतंत्र अंक देणारी ‘पुल्हेम्स’ पद्धती सुरू केली व तीवरून अमेरिकेने स्वतःची पद्धती तयार केली. अमेरिकेत १९४१ मध्ये दातांची अवस्था हे नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण होते. युद्धात उतरल्यानंतर हा निकष बहुतांशी सोडून देण्यात आला व दंतवैद्यांची संख्या वाढविण्यात आली. याउलट मानसिक कारणांवरून लक्षावधी तरुणांना घाईघाईच्या मुलाखतीत अयोग्य ठरविण्यात आले, तरीही युद्धातील मनोविकारांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही. थोड्या मिनिटांच्या संभाषणावरून माणसाचे युद्धातील वर्तन सांगता येत नाही, असा धडा त्यातून मिळाला.

व्हिएटनाम युद्धाच्या काळात, १९६६ पासून, अमेरिकेने कसोट्यांचे निकष शिथिल करून सु. ३,५०,००० तरुण सैन्यात घेतले. त्यांत गरीब व अल्पशिक्षित अधिक होते आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतर सैनिकांहून जास्त होते. अलीकडच्या काळात युक्रेनने लाचलुचपतीच्या तक्रारींवरून ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व प्रादेशिक भरतीकेंद्रांच्या प्रमुखांना काढून टाकले व २०२४ मध्ये ‘मर्यादित योग्य’ ही श्रेणीच कायद्याने रद्द केली. निकष सैल करणे वा कडक करणे हा वरकरणी वैद्यकीय निर्णय असला, तरी त्याचे मूळ रणांगणावरील हानीत असते.

भारतातील परंपरा : ब्रिटिश अमदानीत भारतीयांची भरती स्वेच्छेची होती. १९१७ च्या व १९४० च्या कायद्यांनी सक्तीची सेवा लादण्यात आली, ती भारतात राहणाऱ्या यूरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. तथापि पहिल्या महायुद्धात पंजाबसारख्या प्रांतात गावागावांना माणसांचा कोटा ठरवून देण्यात आला व अधिकाऱ्यांच्या दडपणामुळे ही स्वेच्छा अनेकदा नाममात्रच राहिली. स्वतंत्र भारताच्या संविधानातील तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी करताना सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्यास शासनास मुभा ठेवली आहे. परंतु १९४७-४८, १९६२, १९६५ व १९७१ यांपैकी कोणत्याही युद्धात सैन्यभरतीसाठी ती वापरण्यात आलेली नाही.

भारतातील तपासणीचे एक वैशिष्ट्य असे, की डॉक्टरने उमेदवारास पाहण्यापूर्वीच त्याची योग्यता बव्हंशी जातीवरून ठरलेली असे. १८५७ नंतर व विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्‌स सरसेनापती असताना (१८८५–९३) ‘लढाऊ जमातीं’च्या सिद्धांतास अधिकृत मान्यता लाभली. उष्ण प्रदेशातील व दक्षिणेतील लोक शरीराने व वृत्तीने युद्धास कमी लायक, असे त्यात गृहीत धरले होते. मुंबई सैन्यात दीर्घकाळ सेवा केलेल्या महार समाजाची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभारण्यात आली व युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. या पन्नास वर्षांत त्या समाजाच्या छातीची वा उंचीची मापे बदललेली नव्हती. बदलली ती शासनाची गरज.

मराठा पलटणींचा अनुभवही या सिद्धांतास छेद देणारा ठरला. मेसोपोटेमियातील मोहिमेत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल्-अमाराच्या वेढ्यात सापडल्या व २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले. मराठा सैनिकांच्या काटकपणाची या मोहिमेत विशेष वाखाणणी झाली. १९१४ ते १९१८ या काळात भारतात सु. ८,७७,००० लढाऊ व सु. ५,६३,००० बिगरलढाऊ माणसांची भरती झाली. बिगरलढाऊ मजुरांच्या बाबतीत तपासणी सौम्य असे. मेसोपोटेमियात हमालीच्या कामासाठी तुरुंगांतूनही माणसे नेण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेना १९३९ मधील सु. २ लक्षांवरून वाढत गेली व एकूण सु. २५ लक्ष लोकांनी तीत सेवा केली. एवढी माणसे मिळविण्यासाठी वयाच्या व वजनाच्या अटी शिथिल करण्यात आल्या. वजन कमी असलेल्या तरुणास परत न पाठविता प्रशिक्षणकेंद्रात घेऊन पुरेसे अन्न दिल्यास त्याचे वजन थोड्या महिन्यांत वाढते, असा अनुभव आला. यातून असे सिद्ध झाले, की ज्यास शरीराचा कमकुवतपणा म्हटले जाई तो पुष्कळ वेळा केवळ उपासमारीचा परिणाम होता [⟶ कुपोषण].

गडहिंग्लज परिसर : गडहिंग्लज हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, हिरण्यकेशी नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हा भाग संस्थानात होता. उत्तरेस कोल्हापूर व दक्षिणेस बेळगाव या दोन लष्करी केंद्रांच्या दरम्यान तो येतो. बेळगाव येथे १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षणकेंद्र असून ते आज मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. संस्थानची स्वतःची ‘राजाराम रायफल्स’ ही पलटण विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी पलटण बनली. कोल्हापूर येथे लष्कराचे भरती कार्यालय असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे आणि गोवा हा प्रदेश त्याच्या कक्षेत येतो. याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी हे गाव घरोघरच्या सैनिकी परंपरेमुळे त्या नावाने ओळखले जाते.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड व भुदरगड या डोंगराळ तालुक्यांत जमिनीचे तुकडे लहान आणि घरातील माणसे अधिक, अशी स्थिती पूर्वापार आहे. एका भावाने शेत पाहावे, दुसऱ्याने मुंबईची गिरणी धरावी व तिसऱ्याने पलटणीत जावे, ही वाटणी अनेक घरांत रूढ होती. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेल्यावर यांपैकी एक वाट अरुंद झाली व सैन्याचे महत्त्व वाढले. शिक्षणाच्या मानाने स्थिर वेतन, घरच्यांसाठी औषधोपचार व उतारवयात निवृत्तिवेतन देणारी दुसरी नोकरी सामान्य शेतकऱ्याच्या मुलास सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे भरतीच्या मैदानातील काही मिनिटांच्या तपासणीवर एका कुटुंबाचे पुढील आयुष्य अवलंबून राहते.

या परिस्थितीतून जिल्ह्यात भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या खाजगी संस्था उदयास आल्या आहेत. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या तरुणांचे गट हे या भागातील नित्याचे दृश्य आहे. परंतु धावणे, उडी व ओढण्याचे व्यायाम सरावाने सुधारता येतात; उंची, गुडघ्यांची ठेवण व रंगज्ञान सुधारता येत नाही. दोनतीन वर्षे परिश्रम करून शारीरिक चाचणीत उत्तम गुण मिळविलेला उमेदवार त्याला स्वतःला कधीही न जाणवलेल्या दोषामुळे बाद होतो, अशी उदाहरणे त्यामुळे घडतात. तयारीच्या आरंभीच सरकारी रुग्णालयात डोळे, कान, पाय व दात तपासून घेतल्यास हा अपव्यय पुष्कळसा टळू शकतो. कानातील मळ, दातांची कीड, अंडवृद्धी, मूळव्याध यांसारखे दोष वेळीच उपचार केल्यास दूर होतात. याउलट उंची वाढविण्याची वा गुडघे सरळ करण्याची हमी देणारी औषधे व उपकरणे प्रौढ वयात निरुपयोगी असतात. धावण्याची शक्ती वाढावी म्हणून घेतलेली उत्तेजक द्रव्ये तर हृदयास अपायकारक ठरतात.

सद्यस्थिती : जून २०२२ मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेनुसार जवानांची भरती चार वर्षांसाठी होते व त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. योजनेत साडेसतरा ते एकवीस ही वयोमर्यादा ठेवण्यात आली होती. पहिल्या वर्षापुरती ती तेवीसपर्यंत वाढविण्यात आली. २०२३ पासून प्रथम संगणकावरील लेखी परीक्षा, त्यानंतर मैदानी चाचणी व शेवटी वैद्यकीय तपासणी असा क्रम ठरविण्यात आला. मैदानी चाचणीत १·६ किमी. धावणे, दांडीला लोंबकळून अंग वर ओढणे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे व तोल सांभाळून नागमोडी पट्टीवरून चालणे यांचा समावेश होतो.

सर्वसाधारण जवानाच्या पदासाठी महाराष्ट्रातील उमेदवारास १६८ सेंमी. उंची आणि ७७ सेंमी. छाती व ती फुगविल्यावर किमान ५ सेंमी. वाढ आवश्यक मानली जाते. वजन वय व उंची यांच्या कोष्टकानुसार पाहतात. प्रदेशपरत्वे उंचीच्या अटीत फरक असून गुरखा उमेदवारांसाठी ती १५७ सेंमी. आहे. दातांचे गुण मोजतात व किमान १४ गुण लागतात. वैद्यकीय तपासणीत अयोग्य ठरलेल्या उमेदवारास नेमून दिलेल्या सैनिकी रुग्णालयात तज्ञांकडून ठरावीक मुदतीत फेरतपासणी करून घेता येते. ही मुदत थोडी असल्याने निकालपत्र त्याच दिवशी नीट वाचणे आवश्यक ठरते.

सेवेत असलेल्या सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पद्धतीने ठरवितात. तीत मानसिक अवस्था, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता व दृष्टी या पाच घटकांना १ ते ५ असे अंक देतात. सर्व घटकांत १ हा अंक असलेला सैनिक कोठेही, कोणत्याही कामावर पाठविण्यास योग्य समजला जातो. अंक वाढला, की उंच पर्वतीय प्रदेशातील वा आघाडीवरील नेमणुकीवर निर्बंध येतात.

नोंदीचे कायदेशीर महत्त्व : प्रवेशाच्या वेळची तपासणी सैनिकाच्या दृष्टीने निवडीपुरतीच महत्त्वाची नसते. सेवेत असताना अपंगत्व वा दीर्घ आजार आल्यास तो सेवेमुळे उद्‌भवला की आधीपासून होता, हा प्रश्न निर्माण होतो व अपंगत्व-निवृत्तिवेतन त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये १९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना असे सांगितले, की प्रवेशाच्या वेळी एखाद्या व्याधीची नोंद नसेल, तर पुढे वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त झालेल्या सैनिकाच्या प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे गृहीत धरले पाहिजे व तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर आहे. त्यानंतर २०२३ मध्ये नवे नियम लागू झाले असून त्यांत हक्काच्या अटी पुन्हा मांडण्यात आल्या आहेत. भरतीच्या दिवशी डॉक्टरने लिहिलेला कागद अशा रीतीने वीस-पंचवीस वर्षांनंतरही सैनिकाच्या वा त्याच्या पत्नीच्या हक्काचा आधार ठरू शकतो. व्याधी लपवून प्रवेश मिळविल्यास मात्र हा आधार कमकुवत होतो आणि सेवेतून काढून टाकले जाण्याचा धोकाही संभवतो.

सार्वजनिक आरोग्याशी संबंध : भरतीच्या तपासणीने वेळोवेळी राष्ट्राच्या आरोग्याचे वास्तव उघड केले आहे. बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) मँचेस्टरसारख्या औद्योगिक शहरांत नाकारलेल्या तरुणांचे प्रमाण पाहून ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. त्यानंतर नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला आणि १९०६ मध्ये शाळेतील भोजनाचा व १९०७ मध्ये विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत १९४६ च्या शालेय भोजनाच्या कायद्यात राष्ट्रीय सुरक्षा हा एक हेतू म्हणून स्पष्ट शब्दांत नमूद करण्यात आला, त्यामागेही युद्धकाळातील तपासण्यांचा अनुभव होता [⟶ सार्वजनिक आरोग्य].

सक्तीच्या भरतीत एका वयाच्या सर्व तरुणांची तपासणी होत असल्याने तिचे आकडे संपूर्ण पिढीचे चित्र दाखवितात. स्वेच्छेच्या भरतीत आपण होऊन आलेलेच मोजले जातात व उंचीने कमी वा अशक्त तरुण मैदानापर्यंत येतही नाहीत. म्हणून भारतातील भरतीच्या आकड्यांवरून एखाद्या जिल्ह्याच्या आरोग्याविषयी थेट अनुमान काढता येत नाही. तरीही अयोग्य ठरण्याची जी कारणे वारंवार आढळतात, त्यांतील कित्येक बालपणीच शाळेत वा प्राथमिक आरोग्य केंद्रात लक्षात येण्याजोगी व बरी होण्याजोगी असतात. फुटलेल्या कानाच्या पडद्याचे मूळ लहानपणी दुर्लक्षिलेल्या कान वाहण्यात असते. गुडघ्यांच्या वाकड्या ठेवणीचे मूळ काही वेळा बालपणच्या मुडदूस या रोगात असते. किडलेले दात वर्षानुवर्षे तसेच राहिलेले असतात. अठराव्या वर्षी भरतीच्या मैदानावर प्रथमच डॉक्टरच्या हाताखालून जाणाऱ्या तरुणास अयोग्य ठरविणारा शेरा हा त्याच्या शरीराइतकाच त्याला बालपणी न मिळालेल्या वैद्यकीय मदतीवरचाही शेरा असतो. युद्धासाठी माणसे निवडण्याच्या या पद्धतीने इतर देशांत शाळकरी मुलांच्या आरोग्याची व्यवस्था घडवून आणली. भारतात नाकारलेल्या उमेदवारास त्याच्या दोषाची लेखी माहिती व उपचाराचे मार्गदर्शन नियमितपणे मिळू लागल्यास हीच तपासणी निवड न झालेल्या बहुसंख्यांनाही उपयोगी पडेल.